बस आणायला गेलेला माणूस

नऊ मार्चला आमची हळद शिजवायला काढली होती. भाड्याचा कुकर उजाडायच्या आधीच शेतात आला, बायका आल्या, सरपण आलं. लिंबाखाली भाऊजींची निळी प्लास्टिकची खुर्चीही होती, पण तिच्यात भाऊजी नव्हते. ते गेल्या पावसाळ्यात गेले. दरवर्षी या दिवशी ते त्या खुर्चीत बसत आणि हळद सोडून बाकी सगळ्या विषयांवर मार्गदर्शन करत. यंदा काम दुपारपर्यंतच निम्म्याच्या वर उरकलं, हे सांगितलं तर लोक मला दुष्ट म्हणतील. पण उरकलं.

भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर. सरकारी कचेरीतून निवृत्त झाले आणि शिरड शहापूरला येऊन राहिले. गावात त्यांना त्यांच्या नावाने कोणी हाक मारत नसे. तोंडावर ‘काका’ आणि मागे ‘राजधानी’. कारण कुठलाही विषय काढा, भाऊजी तो बघता बघता एका राजधानीपर्यंत नेत. कोणी म्हणालं, औंढ्याला गर्दी फार वाढली, की भाऊजी म्हणत, “गर्दी आम्ही राजधानीत पाहिली.” कोणी म्हणालं, नळाला पाणी नाही, की भाऊजी म्हणत, “राजधानीत नदी भर गावातून वाहती.” दिल्ली नव्हे बरं. युरोपातली एक लहानशी राजधानी, ब्रातिस्लावा. हे नाव भाऊजींना आयुष्यात एकदाही दोन वेळा सारखं उच्चारता आलं नाही. बसस्टँडवरच्या हॉटेलातल्या मंडळींनी त्याचं ‘बारातसलावा’ केलं, आणि भाऊजी कुणाच्या तरी वरातीला युरोपात गेले होते, असं अर्ध्या गावाला अजूनही वाटतं.

त्या राजधानीत ते एक दिवस होते. सकाळी गेले, संध्याकाळी परत आले. हे मी खात्रीने सांगते, कारण मी सोबत होते. पुतण्या व्हिएन्नाला नोकरीला आहे. त्याने आई-वडिलांना बोलावलं, आणि आक्कांना, म्हणजे माझ्या जाऊबाईंना, सोबत हवी म्हणून माझंही तिकीट काढलं. एके दिवशी त्याला ऑफिस होतं. तो म्हणाला, “तासाभराची रेल्वे आहे, दुसरा देश बघून या.” आणि आम्हाला गाडीत बसवून दिलं. हिंगोलीहून नांदेडला जायला याहून जास्त वेळ लागतो. भाऊजींच्या सांगण्यात मात्र तो दिवस दरवर्षी वाढत गेला. शेवटी शेवटी तर ते “आमच्या तिथल्या मुक्कामात” असं म्हणू लागले होते.

प्रत्यक्षात त्यांनी त्या शहराला दिवसभर नावं ठेवली. टेकडीवर एक पांढरा किल्ला आहे, चार कोपऱ्यांना चार बुरूज. तो पाहून म्हणाले, “बाज उलटी टाकल्यासारखा दिसून राहिला.” हे त्यांचं एकमेव निरीक्षण मला पटलं. एका चौकात गटारीच्या झाकणातून डोकं काढलेल्या माणसाचा पुतळा आहे, लोक त्याच्याजवळ बसून फोटो काढतात. भाऊजी लांबूनच म्हणाले, “राजधानी म्हणतात अन् गटारीचं काम अजून चालूच आहे.” आक्कांना नदीकाठी बसायचं होतं. भाऊजी म्हणाले, “पाणी काय बघायचं? पूर्णेला काय पाणी न्हाई?” आणि हात पाठीमागे बांधून पुढे चालू लागले.

पुढे चालणं ही त्यांची जन्माची सवय. मागे बायको येते आहे की नाही, हे वळून बघायचं नाही. गावात हे चालून जातं, कारण गावात एकच रस्ता आहे. तिथे दोन वळणांनंतर भाऊजी दिसेनासे झाले. फोन त्यांनी व्हिएन्नातच चार्जिंगला लावून ठेवला होता. मी घाबरले, आक्का घाबरल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “त्यांचे पाय दुखून राहिले असतील. सावली अन् बसायला जागा जिथं असंल, तिथं बघा.” आम्ही बसचे थांबे बघत निघालो. मधे एकदा आक्कांनी पोलीसबाईला मोबाईलमधला भाऊजींचा फोटो दाखवला आणि पाठीमागे हात बांधून चालून दाखवलं. पोलीसबाईने लगेच बोट केलं.

भाऊजी एका थांब्यावर ऐसपैस बसले होते. समोरून बसमागून बस जात होती.

“बसमधी बसला काहून न्हाई तुमी?” आक्कांनी विचारलं.

“आणायला सांगितली ना,” भाऊजी म्हणाले. “टोपीवाला एक माणूस होता इथं. त्याला म्हटलं, बस? स्टेशन? तो म्हणाला, आणू, आणू? मी म्हटलं, आण बाबा. तो गेला आणायला.”

“कशावर गेला?”

“बसवर.”

आम्ही पुढची बस धरली आणि स्टेशन गाठलं. परतीच्या गाडीत तिकीट तपासायला बाई आली. आक्कांनी तिकीट पुढे करून विचारलं, “व्हिएन्ना?” बाई हसून म्हणाली, “आनो, आनो.” आक्का माझ्याकडे वळून म्हणाल्या, “हे ‘आणू’ न्हाई. हे ‘व्हय’ आहे.” भाऊजी खिडकीतून बाहेर बघत होते. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, नुसत्या पवनचक्क्या होत्या.

गावात आल्यावर जी गोष्ट तयार झाली, ती अशी: “आमची मंडळी तिथं हरवली. राजधानी म्हणजे राजधानी, बाईमाणसाचं काम न्हाई. मी सरकारी माणूस गाठला. मराठीत हुकूम सोडला. तिथले लोक बराबर मराठी समजतात. आणू का म्हणतात, चहाला चाय म्हणतात.” चाय म्हणतात हे खरं आहे. बाकी गोष्टीत फक्त हरवणारा बदलला होता. मी एकदा आक्कांना विचारलं, तुम्ही बोलत का नाही? त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, “बोलू द्या. रिटायर माणसाला कायतरी काम पाहिजे.”

त्या कामाची मजुरी आक्कांनी भरली. नरसीला दर्शनाला एकटीने जायचं म्हटलं, तरी भाऊजी म्हणत, “तुला एकटीला? तिथं काय झालं होतं, आठवतं ना?” आणि हॉटेलातले हसत. भाऊजी गेले. गोष्ट गेली नाही.

म्हणून हळद शिजवायच्या दिवशी दुपारी आक्कांचा भाऊ साखऱ्याहून मोटारसायकलवर आला, तेव्हा तो कशासाठी आला आहे, हे मला बघताच कळलं. आक्कांच्या सुनेचे दिवस भरत आले होते. पुतण्याने आईचं तिकीट पाठवलं होतं, दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. पहिलं नातवंड. आक्कांनी बाळंतिणीचे लाडूही बांधून ठेवले होते.

“आक्का, जाऊ नको,” तो हातपाय न धुताच म्हणाला. “दाजी सोबत असताना तू हरवलीस. आता तर एकटी, मधी विमान बदलायचं. तिथं काही झालं तर आमी तोंड काय दाखवायचं?”

माझे यजमान कुकरजवळ उभे होते. त्यांनीही मान हलवली. ते विमानात कधी बसलेले नाहीत, पण मान हलवायला विमान लागत नाही.

आक्कांनी हळकुंडात काडी टोचून पाहिली, शिजलं होतं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तुमी सांगा. मी सांगितलं तर म्हणतील, गेलेल्या नवऱ्याला नावं ठेवून राहिली.”

मी सांगितलं. टोपीवाला, थांबा, पोलीसबाई, सगळं. कामावरच्या बायका पाट्या खाली ठेवून ऐकत होत्या. भाऊजी असताना त्या कधी एवढ्या मनापासून ऐकत नव्हत्या.

भावाने विचारलं, “म्हंजे दाजी खोटं बोलत होते?”

“खोटं न्हाई,” आक्का म्हणाल्या. “कुणीतरी हरवलं होतं, एवढं खरंच आहे.”

एका बाईने पदर तोंडाला लावला. मग भाऊच हसला. “मंग तो टोपीवाला अजून बस घेऊन आला न्हाई म्हणायचा.”

“वाट बघून बघून हे गेले,” आक्का म्हणाल्या. त्या हसल्या, डोळे पुसले, आणि गालाला हळद लागली. “उद्या नांदेडपर्यंत येतो का सोडायला?”

“येतो ना.”

“ये. पण पुढं चालू नको.”

दुसऱ्या दिवशी पहाटे मी आणि आक्कांचा भाऊ त्यांना सोडायला नांदेडला गेलो. विमान हैदराबादहून होतं, तिकडची गाडी यायला वेळ होता. आक्का बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या, गालावरची हळद पुरती गेली नव्हती. स्टॉलवरचा म्हातारा पुढे येऊन म्हणाला, “चहा आणू का, बाई?”

“आण,” आक्का म्हणाल्या. “चहाच आण बाबा. गाडी आमची आमी धरतो.”

त्याला काही कळलं नाही. आम्हाला कळलं. गाडी आली. आक्का वळून न बघता चढल्या, खिडकीपाशी गेल्या आणि मग हात केला.

मी दुपारच्या आत शेतात परतले. शिजलेली हळद पसरायला घेतली, आणि पाण्याचा माठ उन्हात होता तो उचलून लिंबाखालच्या खुर्चीवर ठेवला.