एकच यादी

महाल भागातल्या टायपिंग इन्स्टिट्यूटचे मास्तर पुढे माझे विद्यार्थी झाले. ऐंशीच्या दशकात चुकीच्या बोटाने कळ दाबली म्हणून त्यांनी मला सगळ्यांसमोर पट्टीने मारलं होतं. त्यांना ते आठवतही नव्हतं. मी विसरलो नव्हतो. वीसेक वर्षांनी टायपिंगचा धंदा बसला आणि ते रामदासपेठेत माझ्या क्लासला जावास्क्रिप्ट शिकायला आले. एका शाळेत संगणक शिक्षकाची जागा होती, सोमवारी संचालकांसमोर प्रोग्राम चालवून दाखवायचा होता. बायको अंथरुणाला खिळलेली, इन्स्टिट्यूटला कुलूप. पन्नाशी उलटलेल्या माणसाला ही जागा गेल्यावर दुसरी नोकरी कोण देणार होतं?

मला ते 'सर' म्हणायचे. ते ऐकायला मला गोड लागायचं, खोटं कशाला बोलू.

प्रोटोटाइप, म्हणजे प्रोग्राममधल्या नव्या वस्तू ज्याच्या आधारावर तयार होतात तो मूळ नमुना, मात्र काही केल्या त्यांच्या डोक्यात शिरेना. जन्मभर कार्बन लावून प्रती काढलेल्या. "वर ओरिजिनल, खाली चार कॉप्या, असंच ना?" मी सांगायचो, कॉपी निघत नाही, नव्या वस्तूजवळ एखादी गोष्ट नसली की ती प्रोटोटाइपवर शोधली जाते, आणि तो सगळ्यांचा मिळून एकच असतो. ते मान डोलवायचे.

शनिवारी त्यांनी प्रोग्राम दाखवला. 'विद्यार्थी'चा प्रोटोटाइप आणि गुणांची रिकामी यादी त्याच्यावरच. त्यातून एक विद्यार्थी तयार केला, यादीत साठ घातले, पडद्यावर साठ आले.

"बरोबर आहे ना, सर? मले भेव लागून राहिलं."

चूक मला तेव्हाच दिसली. यादी सगळ्यांची मिळून एकच होती, दुसरा विद्यार्थी तयार केला की त्याच्यापुढेही हेच साठ येणार होते. प्रत्येकाला स्वतःची यादी द्यायला एक ओळ पुरली असती.

"झकास," मी म्हणालो.

सोमवारी संध्याकाळी ते सरळ क्लासवर आले. परीक्षेला न बसलेल्या पोरालाही साठ मिळालेले पाहून संचालक हसले होते, आणि जागा दुसऱ्याला गेली होती.

"काहून झालं असं, सर?"

मी फळ्यावर सगळं समजावलं, ती एक ओळही लिहून दाखवली. त्यांनी ती वहीत नीट उतरवून घेतली.

"शनिवारी तुम्हाले दिसलं नसन," ते माझीच समजूत काढत म्हणाले. "इतकी पोरं असतात, कोणाकोणाकडे पाहाल."

मी 'हो' म्हणालो आणि पुढच्या बॅचला आत बोलावलं.