पूर्वेकडचे तांबडे गुच्छ

मी दीर्घिकांवर संशोधन करते असं सांगितलं, की वणीतले लोक आधी आमच्या गच्चीकडे बघतात. दुर्बीण कुठे ठेवता, असं विचारतात. दुर्बीण नाही. अवकाशातल्या दुर्बिणींनी काढलेली जुनी छायाचित्रं सगळ्यांसाठी खुली असतात. ती उतरवून घ्यायची आणि लॅपटॉपवर मोजत बसायचं, एवढंच माझं काम. कॉलेजचे तास संपले की दुपारी मी ते करते. रात्री दहाला झोपते. हे कळलं की विचारणाऱ्याचा चेहरा पडतो आणि मला, खरं सांगायचं तर, थोडी मजा येते.

लंबवर्तुळाकार दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचा अवाढव्य, गुळगुळीत गोळा. आपल्या आकाशगंगेसारखे बाहू तिला नसतात, त्यामुळे ती कशी बनली हे तिच्या रूपावरून कळत नाही. तिच्याभोवती मात्र ताऱ्यांचे घट्ट, गोल गुच्छ फिरत असतात. ते फार जुने असतात, आणि त्यांच्या रंगात त्यांच्या जन्मकाळाची खूण राहते. जड मूलद्रव्यं फारशी तयार झाली नव्हती तेव्हाचे गुच्छ निळसर, ती साठल्यानंतरचे तांबूस. मोठ्या दीर्घिकांभोवती बहुधा दोन्ही रंग सापडतात. म्हणजे तिथे गुच्छ बनण्याचे निदान दोन हंगाम झाले. कदाचित दोन दीर्घिका एकमेकींत मिसळल्या आणि त्या घुसळणीत दुसरा हंगाम आला. कदाचित मोठीनं आजूबाजूच्या लहान गिळल्या आणि त्यांचे निळसर गुच्छ आपल्याभोवती ठेवून घेतले. यावर अजून वाद चालू आहेत.

माझी दीर्घिका लहान आणि फिकट होती. अशांभोवती बहुतेक निळसरच गुच्छ असतात. माझ्या मोजणीत मात्र दोन रंग निघाले. एवढीशी दीर्घिकाही दोघींच्या मिसळण्यातून झाली असावी, असा निबंध मी लिहिला आणि तो छापायला स्वीकारला गेला. माझी पीएच.डी. या एका निबंधावर उभी होती. चाळिशी मागे पडली होती, आणि पुण्यातल्या मार्गदर्शकांकडे मुदतवाढ मागून मागून मलाच लाज वाटायला लागली होती. छपाईआधीची शेवटची प्रत तपासून त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाठवायची, एवढंच उरलं होतं.

बाबा माझ्या खोलीतल्या खाटेवर बसून होते, कारण कूलर तिथेच आहे. त्यांची सगळी नोकरी एका जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढतात तिथे, ग्रेडर म्हणून गेली. कापसाची गाडी आली की आत हात घालून मूठभर काढायचा, बोटांनी धागा ओढायचा, रंग बघायचा आणि दर्जा सांगायचा. पहिल्या वेचणीच्या पांढऱ्या कापसात शेवटच्या वेचणीचा पिवळट मिसळलेला असला, तर त्यांना लगेच कळायचं. त्यामुळे माझं काम समजायला त्यांना काही जड गेलं नाही. दोन वेचण्यांचा माल, एवढंच त्यांनी लक्षात ठेवलं होतं. माझ्या मार्गदर्शकांनाही ते इतकं थोडक्यात सांगता आलं नव्हतं.

पडद्यावर माझी आकृती होती, गुच्छांवर निळे आणि तांबडे ठिपके दिलेली. बाबा उठून जवळ आले.

"हे तांबडे तू कोन्या अंगानं काढले?"

"सगळीकडून, बाबा."

"मले त सारे इकडूनच दिसून राह्यले." त्यांनी डाव्या बाजूला बोट ठेवलं. आकाशाच्या चित्रात डावीकडे पूर्व असते.

"मग काय झालं?" मी जरा फणकाऱ्यानंच विचारलं.

"आपल्या इथं कापसाच्या गंजीच्या सडकेकडच्या अंगाले कोळशाच्या ट्रकाईची धूळ बसते. नवा ग्रेडर तिथूनच मूठ काढते अन् म्हणते, माल खराब आहे. मालाले काई झालेलं नसते. तो धूळच पाह्यते."

धूळ मला ठाऊक होती. आपल्याच आकाशगंगेतली बारीक धूळ मध्ये आली की पलीकडचा प्रकाश तांबूस दिसतो, हे पहिल्या वर्षाला शिकवतात, मी स्वतः शिकवते. त्यासाठी दुरुस्ती केली होती, पण सबंध चित्राला एकच आकडा लावून. चित्र लहान होतं, तेवढं चालतं असं धरलं होतं. खरे तांबूस गुच्छ दीर्घिकेच्या मध्याजवळ, चारी बाजूंनी दाटायला हवेत. माझे सगळे पूर्वेला. त्याच चित्रात खूप मागे असलेल्या इतर दीर्घिका होत्या, माझ्या दीर्घिकेशी काही संबंध नसलेल्या. त्यांचे रंग मोजले. पूर्वेकडच्या त्याही तांबूस निघाल्या. तासभर लागला. दुसरा हंगाम झालाच नव्हता. निळसर गुच्छ मी धुळीआडून बघितले होते.

रडू आलं नाही. राग आला, आणि तो बाबांवर आला.

"येऊ दे छापून," मी म्हटलं. "त्या दीर्घिकेकडे इतक्यात कोणी ढुंकून बघणार नाही. कोणाचं काय बिघडतं?"

बाबा परत खाटेवर जाऊन बसले. म्हणाले, "माह्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं तवा पट्टी काढून घरी आलो, इथंच बसलो. नवा डोळा झाकला त चादर पिवळी दिसे. जुना झाकला त पांढरी."

मोतीबिंदूचं ते ऑपरेशन त्यांच्या निवृत्तीनंतर लगेच झालं होतं. डोळ्यांत थेंब मीच टाकायची. हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

"नोकरीतले शेवटचे दोन सीझन मी असल्याच पिवळ्या डोळ्याईनं माल पाह्यला. ठरलेल्या दर्जाच्या नमुन्याची पेटी बाजूलेच राहे. तिच्याशी ताडून पाह्यला असता त समजलं असतं, पेटीतला पांढराही पिवळाच दिसला असता. पण मले पेटी कायले लागते, असं होतं माहं. लोकाईचा पांढरा माल मी पिवळा म्हणून खालच्या भावात लावला."

"कोणाला सांगितलं?"

"कोणाले सांगू? बाजारात गेलो त लोक अजून म्हणते, तुमच्यासारखा ग्रेडर झाला नाई. मी मान हालवतो अन् चहा पेतो." ते माझ्याकडे बघत नव्हते. "तुले कोणाले लिहायचं हे त माहीत आहे."

मला त्यांची फार दया आली, आणि स्वतःची शरम वाटली. मी संपादकांना आणि मार्गदर्शकांना पत्र लिहिलं. दुसरा रंग धुळीचा आहे, निबंध मागे घेते, सोबत नवी मोजणी जोडली आहे. पाठवल्यावर थोड्या वेळानं मार्गदर्शकांचा फोन आला. ते म्हणाले, आणखी दोन वर्षं तरी जातील. मी हो म्हटलं.

फोन ठेवला तेव्हा बाबा खाट ओढून टेबलाजवळ आले होते.

"आता माहं एक पत्र लिहून दे."

"कोणाच्या नावानं?"

"नाव राहू दे. ज्याईचा माल खाली लावला ते शेतकरी जेवढे याद येते तेवढे सांगतो."

मी कोरं पान उघडलं.

"केळापूरचा एक होता," ते म्हणाले. "माल हातात धरून उभा होता. म्हणे, साहेब, एकडाव पुन्हा पाह्या ना. मी पाह्यलं नाई."