खोटा हुकूम

अनंता सर वर्गात खोटं बोलायचे, आणि आमची संस्था त्यांना त्याचाच पगार द्यायची. मी त्याच संस्थेत मुलांना कॉम्प्युटर आणि स्कॅनर शिकवते, म्हणजे खरं बोलायचा पगार घेते. त्यामुळे सुरुवातीला आमचं फारसं जमलं नाही.

कामतघरला बंद पडलेल्या लूमच्या एका शेडमध्ये आमचं प्रशिक्षण केंद्र आहे. भिवंडीच्या चारी अंगांना गोदामं उभी राहिली, त्यांना फोर्कलिफ्ट चालवणारी माणसं हवीत, आणि इथल्या मुलांना काम हवं. फोर्कलिफ्ट म्हणजे पुढे दोन लोखंडी पाती असलेली, माल उचलून उंच रॅकवर ठेवणारी गाडी. ती आम्हाला दिवसातून दोनच तास मिळायची. उरलेल्या वेळात सर काय वाटेल ते करायचे. पाण्याने भरलेली बादली हात लांब करून धरायला लावायचे, मग छातीशी घ्यायला सांगायचे आणि विचारायचे, "आता बोला, वजन पात्यांच्या टोकाला ठेवाल का मुळाशी?" गाडी हातात आली की पॅलेटवर, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी चौकटीवर, अंड्यांचा ट्रे ठेवून ती फिरवायला लावायचे. एकदा फुटलेली अंडी थेट माझ्या वर्गाच्या दारापर्यंत आली. मी भांडायला गेले, तर म्हणाले, "मॅडम, फळ्यावर काढलेलं अंडं कधी फुटतं का?" मी फणकाऱ्याने परत आले. पण खरं सांगायचं, तर माझ्या तासाला डुलक्या काढणारी मुलं त्यांच्या शेडमध्ये पाणी प्यायचंही विसरायची.

आणि खोटं बोलायचे ते असं. मुलगा गाडीवर असला की सर मध्येच ओरडायचे, "हॉर्न राहू दे, वळव!" नाहीतर, "पट्टा कशाला लावतोस, चल लवकर!" ऐकलं की फसला. फसलेल्याने खाली उतरून, तोंडाने पों पों करत शेडला चक्कर मारायची. ओळखलं, तर गाडी बंद करून किल्ली सरांच्या हातात द्यायची. मुलं याला खोटा हुकूम म्हणायची. सर म्हणायचे, "गोदामात चुकीचा हुकूम देणारा साहेबच असतो. त्याला नाही म्हणायची सवय आत्ताच लावून घ्या."

प्रत्येक बॅचच्या तिसऱ्या दिवशी मात्र चेष्टा नसायची. त्या दिवशी भरत यायचा, दोन कुबड्यांवर. सर सांगायचे, "हा भरत. नऊ वर्षांपूर्वी याला पॅलेटवर उभं करून मी फोर्कलिफ्टने वर उचललं. मॅनेजर म्हणाला म्हणून. चौदा फुटांवरून पडला." भरत चहा घ्यायचा आणि जायचा.

या बॅचला अकरा जण होते आणि त्यात मुलगी एकच, ललिता. खारबावच्या पलीकडच्या पाड्यावरची. घरी थोडी भाताची जमीन, बाकी मजुरी. तिच्या तोंडातून शब्द काढायचा तर चिमटा लावावा लागे, पण हात असा सरळ की ट्रेमधलं एक अंडं हलत नसे. खोट्या हुकमाला ती एकदाच फसली होती, पहिल्या आठवड्यात.

मग कशेळीच्या एका गोदामातून निरोप आला. शुक्रवारी या, गाडी चालवून दाखवा. पसंत पडलं, तर अकराच्या अकरा जण सोमवारपासून ड्युटीवर. नाही पडलं, तर नाही.

आधीच्या बॅचची नऊ मुलं अजून घरी बसली होती. त्यातला एक सरांना धामणकर नाक्यावर दिसला आणि त्याने तोंड फिरवलं, हे सरांनी मला दोनदा सांगितलं होतं. माणूस असं दोनदा सांगतो तेव्हा ते त्याला सलत असतं. शुक्रवारी सकाळी सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि कॉलरपाशी ते सारखे बोट फिरवत होते.

गोदामाचा मॅनेजर अनय नावाचा, तिशीचा, बोलायला बरा, पण एक डोळा सतत हातातल्या फोनवर. चालवायला सरांनी ललिताला बसवलं. बाकी दहा जण जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्यामागे उभे राहिले, मी हजेरीचं रजिस्टर घेऊन त्यांच्याजवळ. तिने पॅलेट उचललं, हॉर्न दिला, गाडी वळवली, रॅकच्या तिसऱ्या मजल्यावर माल ठेवला. एका बोटाचाही फरक नाही. मॅनेजरने फोन खिशात टाकला. आमच्या मुलांनी एकमेकांना कोपरं मारली. झालंच होतं सगळं.

तेवढ्यात मॅनेजर म्हणाला, "अजून एक काम करा. वर चौथ्या मजल्यावर एका खोक्याचं लेबल वाचायचं राहिलंय. शिडी पलीकडच्या गाळ्यात आहे. ए वाघ्या, पॅलेट पे चढ." मग गाडीवरच्या ललिताला, "मॅडम, ह्याला जरा वर न्या."

वाघ्या हा चाळिशीचा लोडर. तो रोजच्यासारखा रिकाम्या पॅलेटवर चढलासुद्धा. मागे गाडीच्या खांबावरची साखळी धरून उभा राहिला. पॅलेट जमिनीपासून वीतभर वर होतं.

ललिताने सरांकडे पाहिलं.

सर म्हणाले, "शिडी मागवू या का? मी जाऊन आणतो."

"सर, इथे रोज असंच चालतं. दहा मिनिटांत मला माल भरायला दुसरा ट्रक लावायचा आहे. तुमची मुलं पुस्तकातलीच असतील, तर मी ती घेऊन करू काय?"

मी सरांच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांनी त्या दहा मुलांकडे पाहिलं, मग मॅनेजरकडे. कॉलरपाशी बोट गेलं.

"घे गं ललिता," ते म्हणाले. "हळू घे."

हा खोटा हुकूम नव्हता. खोटा हुकूम देताना सर ओरडायचे, आणि आज त्यांचा आवाज जेमतेम माझ्यापर्यंत आला होता. आणि मी काय केलं? रजिस्टर छातीशी धरलं आणि गप्प राहिले. सोमवार मलाही हवा होता.

ललिताचा हात लिव्हरवर गेला. मोटर घुमली. वाघ्याने साखळी घट्ट धरली. मी डोळे मिटून घेणार, तेवढ्यात पॅलेट खाली आलं आणि जमिनीला टेकलं. तिने ब्रेक ओढला, पट्टा सोडला, किल्ली काढली आणि उतरून चालत आली. किल्ली तिने सरांच्या तळहातावर ठेवली.

"फसली न्हाय सर," ती म्हणाली. "मानूस फोर्कवर न्हाय घ्यायचा."

मग मॅनेजरकडे वळून, त्याच आवाजात, "सायेब, सर अशीच टेस्ट घेतात आमची. तुमाला आधीच सांगून ठेवला व्हता ना त्यांनी?"

केंद्रात आल्यापासून ती एवढं बोलली नसेल. मॅनेजरने तिच्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, पॅलेटवर उभ्या वाघ्याकडे पाहिलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"हां," तो शेवटी हसला. "बघत होतो, कोण काय करतं ते. वाघ्या, उतर, शिडी लेके आ." आणि जाता जाता म्हणाला, "सगळ्यांचे कागद सोमवारी घेऊन या."

गेटबाहेर टेम्पोची वाट बघत थांबलो, तर मुलांनी नुसता दंगा मांडला होता. कशेळीच्या रस्त्यावर कंटेनरमागे कंटेनर, धूळ, हॉर्न, आणि त्यात ही पोरं एकमेकांना मिठ्या मारतायत. एकजण ओरडला, "सर, काय भारी टेस्ट घेतली!"

सरांनी हात वर केला. दंगा थांबला.

"टेस्ट नव्हती," ते म्हणाले. "मी खरंच सांगितलं होतं. काम जाईल म्हणून घाबरलो. तिने ऐकलं असतं, तर वाघ्या आत्ता वर असता." "हे तुम्हाला माहीत असायला हवं."

पोरांची तोंडं उतरली. मला सरांचा राग आला होता, तो तिथंच विरघळला, आणि माझ्या स्वतःच्या गप्प बसण्याची लाज मात्र तशीच राहिली.

"मला म्हाईत व्हता," ललिता म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"टेस्ट न्हाय ती. टेस्ट घेता तवा तुमी माझ्या हाताकडं बघता. आज सायबाच्या तोंडाकडं बघत व्हता."

सरांनी कॉलरचं बटण सोडलं. मग म्हणाले, "मग तिथं टेस्ट आहे असं का सांगितलंस?"

ललिताने ओढणीने तोंडावरची धूळ पुसली. "वाघ्याला उतरवला," ती म्हणाली. "मंग तुमाला सगल्यांसमोर कशी पाडू?"

टेम्पो आला. सर नेहमी पुढे ड्रायव्हरशेजारी बसत. त्या दिवशी ते मागे मुलांमध्ये बसले, ललिताच्या समोर, आणि कामतघर येईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.