लाल दोऱ्याचा पडदा

दवाखान्याच्या मागच्या अंगाला, औषधांच्या कोठाराशेजारी, टाकेकाकू एकोणीस वर्षं शिलाई मशीन चालवत होत्या. चादरी, उशांचे अभ्रे, पडदे, ऑपरेशनचे डगले, सगळं त्यांच्या हातचं. खरं नाव पगाराच्या कागदावर असेल. दवाखान्यात ते कुणी विचारलंच नव्हतं. "डॉक्टर माणसांना टाके घालतात, मी चादरींना," त्या म्हणायच्या. "फरक एवढाच, की माझे काढायला परत कुणी येत नाही."

बाईंचा चष्मा कपाळावर आणि राग नाकावर. पण कामात शिस्त अशी, की बोलायची सोय नाही. प्रत्येक खोलीचा दोरा ठरलेला: दातांच्या खोलीला निळा, लहान मुलांच्या वॉर्डाला पिवळा, बायकांच्या तपासणीच्या खोलीला लाल. कापडाच्या कोपऱ्यात त्या रंगाचे तीन टाके. धुलाईतून ढीग आला, की काकू कोपरा उलटून कुणाचं काय ते सांगायच्या. खोल्या बघायला मात्र त्या कधी जात नसत. मापाची चिठ्ठी यायची, काकू शिवायच्या, वॉर्डातली मावशी घेऊन जायची.

एका दुपारी त्यांची सून मशीनपाशी आली, ती रडकुंडीला येऊनच. अडीच वर्षांत दोन बाळंतपणं झालेली. दुसऱ्या वेळी इतका रक्तस्राव झाला, की डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, तिसरं इतक्यात नको, जिवावर बेतेल. म्हणून तांबी बसवून घ्यायची होती. दोनदा नंबर लावला, दोनदा तशीच परत.

"अगं, एवढं काय घाबरायचं त्यात?" काकू म्हणाल्या.

"आई, तुम्ही ती खोली पाहिलीय का? टेबल दाराकडे पाय करून ठेवलंय. कडी मोडलीय, वारा आला की दार आपलं आपण उघडतं. आणि समोरच्या बाकावर दातवाले! गालात कापूस, तोंड उघडं, आणि नजर सरळ आत."

"मग पडदा ओढायचा!"

"कुठला पडदा?"

काकूंनी मशीनचं चाक हाताने थांबवलं. पडदा त्यांनी शिवला होता. सहा वर्षांपूर्वी, चांगला जाड, हिरवा, दारापेक्षा हातभर लांब. लाल टाक्यांचा.

"आणि आता तर खोलीच बंद होणार," सून म्हणाली. "दारावर कागद लागलाय. पुढच्या महिन्यापासून ती दातांना द्यायची. बायका येत नाहीत म्हणे! त्यांनी दोन बस बदलून मोठ्या दवाखान्यात जावं. ही दोन पोरं काखेत मारून जाऊ का मी?"

आता एक सांगायलाच हवं. काकूंचंही एक दुखणं होतं. तीन वर्षं झाली, जरा जास्त उभं राहिलं, गठ्ठा उचलला, की त्यांचं अंग बाहेर यायचं. दिवसभर ओटीपोटात ओढ. चिंध्यांची उशी करून त्या त्यावर बसायच्या आणि कुणी विचारलं तर "वात आहे" म्हणून मोकळ्या व्हायच्या. बिचाऱ्या वाताला पत्ताच नव्हता. बायकांच्या खोलीत जायचं म्हटलं, की त्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. जगाला दटावणारी बाई, पण इथे शेपूट घालायची.

सुनेसाठी मात्र त्या तडक कारकुनाकडे गेल्या.

"पडद्याला पेशंटची मागणी लागते," कारकून म्हणाला.

"पेशंट परत जातात."

"मग मागणी नाही."

"अरे, पडदा नाही म्हणूनच जातात ना!"

"तसं त्यांनी लेखी द्यावं."

"कुठे बसून लिहायचं त्यांनी? त्या टेबलावर झोपून?"

कारकुनाला एकदम खोकला आला. काकूंचा पारा चढला आणि त्या थेट मोठ्या साहेबांच्या खोलीत शिरल्या. साहेब नुकतेच जेवले होते. खुर्चीमागच्या बेसिनपाशी, पडद्याआड, जोरजोरात गुळण्या चालल्या होत्या. हिरवा, जाड पडदा. काकूंनी कोपरा उलटला. लाल टाके.

झालं होतं ते असं. सहा वर्षांपूर्वी रंगकाम झालं आणि खोल्यांचे नंबर बदलले. चिठ्ठीवर लिहिलं होतं खोली नंबर सहा. पडदा शिवून होईस्तोवर सहा नंबरात साहेब आले होते. मावशीने नंबर पाहिला आणि पडदा टांगला. साहेबांना वाटलं, आपला मान म्हणून लावलाय! सहा वर्षांत तो धुलाईला गेलाच नाही, नाहीतर काकूंनी कोपरा उलटून कधीच ओळखला असता.

साहेब तोंड पुसत बाहेर आले. माणूस वाईट नव्हता, पण आकड्यांपलीकडे त्यांची नजर जात नसे. "काकू, महिन्याला चार बायका येतात. दातांना रोजचे तीस. मी तरी काय करू?"

"दातवाल्यांना कपडे काढावे लागत नाहीत, साहेब."

"बरं, न्या पडदा. पण एका पडद्याने काय फरक पडणार?"

"तो मापावर पडतो. माप नीट घ्यायचं तर टेबलावर माणूस हवं. चला."

"मी?"

"दुसरं कोण मोकळं आहे?"

एकदाची ब्याद टळेल म्हणून साहेब गेले. बुटांसकट टेबलावर चढले. काकूंनी गळ्यातली टेप काढली. "पाय वर घ्या. अजून वर. आता गुडघे फाका. अहो, लाजता काय, माप चुकेल ना!" तेवढ्यात वारा आला आणि दार सवयीप्रमाणे उघडलं. समोरच्या बाकावर सात माणसं. त्यातले कापूसवाले आजोबा काळजीने उठूनच उभे राहिले. "शाहेब, काय झालं हो तुम्हाला?"

साहेबांनी टेबलावरून अशी उडी मारली, की टेप त्यांच्याबरोबर गेली.

"कसं वाटलं?" काकूंनी दार लोटत विचारलं.

साहेब घाम पुसत म्हणाले, "कसंतरीच."

"पॅन्ट घालून कसंतरीच," काकू म्हणाल्या आणि टेप गुंडाळू लागल्या.

साहेबांचा चेहरा पडला. बाहेर जाताना दारावरचा बंदचा कागद त्यांनी स्वतःच्या हाताने काढला. संध्याकाळपर्यंत सुताराने कडी बसवली आणि टेबलाचं तोंड फिरवलं. पडदा काकूंनी स्वतः टांगला. मग बातमी त्यांनी फक्त वॉर्डातल्या मावशीला सांगितली, तीही कुणाला सांगू नकोस असं बजावून. दुसरं काही करावंच लागलं नाही.

गुरुवार डॉक्टरीणबाईंचा. त्या दिवशी बाकावर बायकाच बायका, आणि दातवाले बिचारे जिन्याच्या पायऱ्यांवर. सून आत गेली. काकू बाहेर धाकटीला मांडीवर घेऊन बसल्या. नातीने चष्मा ओढला तरी त्यांचं लक्ष नव्हतं. पाव तासाने सून बाहेर आली. चेहरा असा मोकळा, की काकूंना भरून आलं.

"झालं. फार नाही दुखलं," ती म्हणाली. "द्या तिला इकडे. आता तुम्ही चला."

"कुठे?"

"आत. तुमचाही नंबर लावलाय."

"मला काय धाड भरलीय? वात आहे मला!"

"आई," सून हळूच म्हणाली, "तुमची ती चिंध्यांची उशी तीन वर्षं मीच धुतेय."

काकूंनी धाकटीला सुनेच्या हातात दिलं. त्या उठल्या, आत गेल्या. कडी लावली, पडदा ओढला, एकदा पुन्हा ओढून पाहिला. एवढी कापडं शिवली, पण पडद्याच्या आतल्या बाजूला त्या पहिल्यांदाच उभ्या होत्या.

डॉक्टरीणबाईंनी सावकाश तपासलं. घाबरायचं कारण नाही, यावर इलाज आहे, म्हणाल्या. मग हात धुता धुता त्यांनी विचारलं, "तीन वर्षं अंगावर काढलंत, काकू? दवाखान्यातच तर असता. आधी का नाही आलात?"

काकूंनी पदर सारखा केला.

"पडदा साहेबांकडे होता," त्या म्हणाल्या.