शेअर्सची खरेदी किंमत

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते माझ्या धाकट्या मामांचे. तालुक्याच्या शाळेतून बारावी झालो तेव्हा त्यांनी मला लालबागच्या आपल्या खोलीवर आणलं आणि पदवीपर्यंत शिकवलं. घरातला पहिला पदवीधर मी. मामा आता गावी असतात. गुडघे पार गेलेत. फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून मी पत्र लिहितो.

मागच्या वर्षी त्यांच्या ऑपरेशनसाठी मी कंपनीने दिलेले शेअर्स विकले. कंपनीच्या विम्यात आईवडील बसतात, मामा बसत नाहीत. त्या वर्षीचं इन्कम टॅक्स रिटर्न माझं मीच भरलं. विक्रीची रक्कम लिहिली, पुढे खरेदी किंमत विचारली होती. मी तर एक पैसा दिला नव्हता. आयत्या मिळालेल्या वस्तूची किंमत लावणं मला खोटेपणाचं वाटलं. शून्य लिहिलं. सगळी रक्कम नफा ठरली आणि ऑपरेशनच्या पैशांतला मोठा हिस्सा करात गेला. कमी पडलेले पैसे जमतील या आशेवर परळच्या हॉस्पिटलात तारीख घेऊन ठेवली.

जमले नाहीत. आईच्या आजारपणात विम्याबाहेर झालेल्या खर्चाचं कर्ज अजून फिटत होतं, बँक नवीन देईना. फेब्रुवारीत दादरच्या एका सीए बाईंकडे गेलो.

"शून्य कोणी लिहायला सांगितलं?"

"फुकट मिळाले होते, मॅडम."

"फुकट कसले? शेअर्स नावावर आले त्या दिवशीची किंमत तुमच्या पगारात धरलीय, त्यावर टॅक्सही कापलाय. तीच तुमची खरेदी किंमत. एकाच पैशावर दोनदा भरलात हो तुम्ही!"

"मग सुधारून देऊ या ना."

"डिसेंबरपर्यंत देता आलं असतं. आता वर आयुक्तांकडे अर्ज करायचा. मंजूर होईल का, कधी होईल, मी नाही सांगू शकत." त्या हसत म्हणाल्या, "इतकं हरिश्चंद्र होऊ नये माणसाने." मग माझ्याकडे बघून त्यांनी चहा सांगितला.

अर्ज केला. विचारायला गेलो की एकच उत्तर मिळतं, विचाराधीन आहे. हॉस्पिटलची तारीख मीच रद्द केली. त्या संध्याकाळी हे पत्र टाकलं:

"ती. मामांस सा. न.

ऑपरेशन पुढे ढकलावं लागतंय. शेअर्सचा कर भरताना माझी चूक झाली, पैसे सरकारकडे अडकलेत. परत कधी मिळतील ते मला खरंच माहीत नाही, म्हणून तारीख लिहीत नाही. तुम्ही काजूची बाग विकायचं मनात आणू नका. जिना उतरताना मामीचा हात धरा, लाजू नका.

तुमचा भाचा"