चुकीच्या रंगाचा डबा

हाझेलरोटहून लिंडेनफुर्टला जाणारी दुपारची बस बंद झाली, तेव्हा ट्राउडेल हेकमान ग्रामसभेत पहिल्यांदाच बोलायला उभी राहिली. एकतीस वर्षं तिनं आसपासच्या सात गावांत सायकलवरून टपाल वाटलं होतं. एकही पत्र चुकीच्या दारात पडलं नव्हतं. गुडघ्यांनी साथ सोडली, सायकल विकली. दर गुरुवारी तीन वाजता लिंडेनफुर्टच्या वृद्धाश्रमात तिची बहीण रोझविता कॉफी घेऊन वाट पाहते. तिथं जायचं कसं, एवढंच तिनं विचारलं.

गावानं विचार करून एक बाक दिला. जुन्या डेअरीसमोर हिरवा बाक, शेजारी खांब, त्यावर गावांच्या नावांच्या पाट्या. जायचं त्या गावाची पाटी पुढे करून बसायचं. त्या बाजूला जाणारा मोटारवाला थांबेल. उद्घाटनाला सॉसेज होते, बिअर होती, भाषणं तीन झाली.

पहिल्याच गुरुवारी ट्राउडेल आलुबुखाराचा केक मांडीवर घेऊन एक वाजता बसली. अकरा गाड्या गेल्या. अकराही जणांनी प्रेमानं हात केला.

संध्याकाळी तिनं शेजारच्या होर्स्टला कुंपणापाशी गाठलं. "पाटी दिसली नाही का रे?"

"दिसली की! पण विचारायचं कसं? तुला वाटायचं, मला आता म्हातारी समजायला लागले."

"शहात्तर वर्षांची आहे मी."

"तेच तर. उगाच तुझ्या कामात नाक कशाला खुपसायचं?"

पहिल्या महिन्यात थांबलं एकच जोडपं, हॉलंडचे पर्यटक. त्यांना लाकडी चर्च पाहायचं होतं. ट्राउडेलनं सातही गावांचे रस्ते सांगितले, कुठल्या वळणावर कुत्रा सोडलेला असतो तेही. आभार मानून ते निघून गेले. मागच्या सीटवर त्यांचाही कुत्रा होता.

वर्षभरात ती बहिणीकडे नऊ वेळा पोचली. सात वेळा टॅक्सीनं, दोनदा पाववाल्याच्या गाडीतून.

बाकाला वर्ष झालं तेव्हा सरपंच लोत्स वार्ताहराला घेऊन आले. वार गुरुवारच होता. "हेकमानबाई, पाटी दिसू द्या. आणि जरा हसा की!" ती हसली. फोटो झाला. मग दोघं आपापल्या गाडीत बसून लिंडेनफुर्टच्या दिशेनं निघून गेले. दोन्ही गाड्यांच्या मागच्या सीटा रिकाम्या होत्या. शनिवारच्या पेपरात फोटोखाली छापलं होतं: 'गाव एकमेकांना सांभाळतं.' ट्राउडेलनं तो पेपर वाचला आणि त्यात बटाट्यांची सालं गुंडाळली. ती टाकायला गेली, तेव्हा कचऱ्याच्या रंगीत डब्यांकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिली.

पुढच्या गुरुवारी ती बाकाकडे आली ती प्लास्टिकच्या कचऱ्याचा पिवळा डबा ढकलत. तो खांबाला टेकवून ठेवला आणि बसली.

पहिलीच गाडी करकचून थांबली. होर्स्टनं काच खाली केली. "अगं ट्राउडेल, उद्या कचरागाडी नेणार तो कागदाचा निळा! पिवळा पुढच्या आठवड्यात! आणि आदल्या संध्याकाळी सहाच्या आधी बाहेर काढायचाच नाही!"

"हो का?" म्हणत तिनं दार उघडलं, केक मांडीवर घेतला आणि पट्टा लावला. "लिंडेनफुर्टला निघालास ना? वाटेत नीट समजावून सांग."

त्यानं समजावून सांगितलं, थेट वृद्धाश्रमाच्या दारापर्यंत.

त्यानंतर एकही गुरुवार चुकला नाही. कधी निळा, कधी पिवळा, एकदा तर ओल्या कचऱ्याचा तपकिरी. जो उद्याचा नसेल तो. तिसऱ्या गाडीच्या आत कुणीतरी थांबतंच. ती परत येईपर्यंत डबाही कुणीतरी तिच्या अंगणात नेऊन ठेवलेला असतो, हँडल भिंतीकडे करून.

गावात आता हळू आवाजात बोलतात. एकही पत्र न चुकवलेली बाई, आणि डब्याचा रंग कळेना. गेल्या महिन्यात सरपंचांनी वृद्धाश्रमात फोन करून रोझविताच्या कानावर घातलं.

"तुझं डोकं चालेनासं झालंय म्हणे," रोझविता म्हणाली.

ट्राउडेलनं घड्याळ पाहिलं. तीनला पाच कमी होते.

"म्हणू देत," ती म्हणाली, आणि केक कापायला घेतला.