शाळेच्या खात्यावरच्या दोन खोल्या

सेवानिवृत्तीच्या समारंभात मिळालेला नारळ अजून देवासमोरच होता आणि फोन मला सांगत होता, की असं खातं अस्तित्वातच नाही. मी पुन्हा बटण दाबलं. तेच उत्तर. ओट्यावरचा चहा निवून गेला.

दिवेआगरला वाडीत पाहुण्यांसाठी आमच्या दोन खोल्या आहेत. वादळात पोफळी आडव्या झाल्या, तेव्हा यांनी या खोल्या बांधल्या आणि मी मुख्याध्यापकपण सांभाळून बुकिंग बघायला लागले. पाहुणे येतात ते एका अ‍ॅपवरून. नाव नोंदवताना त्याने विचारलं होतं, नवा पासवर्ड करता, की आधीच्या खात्यानेच आत येता? ऑनलाइन वर्गांसाठी शाळेने दिलेलं मेलचं खातं होतं. मी ऐटीत तेच लावलं.

"अगो, घरचं वेगळं काढ," हे म्हणाले होते.

"शाळेचं म्हणजे पक्कं," असं म्हणून मी त्यांनाच गप्प केलं. मास्तरकीत जन्म गेलेल्या बाईला शाळेपेक्षा पक्कं जगात काही दिसत नाही, त्याला मी काय करू!

आता शनिवारी कोण येणार, किती जण, मोदक किती सांगितलेत, सगळं त्या अ‍ॅपच्या आत. पाहुण्यांनी इतकी वर्षं लिहिलेले चार चांगले शब्दही आतच, आणि ते वाचूनच तर नवे पाहुणे येतात. निवृत्तीनंतर याच खोल्या मोठ्या करायच्या, हे आमचं ठरलेलं. मी अ‍ॅपवाल्यांना फोन लावला. एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, तुमची ओळख आमच्याकडे नसते. ती तुमची संस्था पटवते. त्यांच्याशी बोला."

मी कोण, हे तिसऱ्याने सांगायचं! माझं डोकंच फिरलं. स्कूटर काढली आणि शाळा गाठली.

कॉम्प्युटरचे सर माझ्याच हाताखाली तयार झालेले. मी दारातूनच सुरू झाले, "कुणाला विचारून बंद केलंत हो? हार तरी सुकू द्यायचा होतात!"

"बाई, शाळा सोडली की त्याच दिवशी खातं पुसायचं, हा नियम तुमचाच."

"मग परत आणा."

"पुसलेलं नाही येत, बाई."

त्यांनी फाइल पुढे सरकवली. बंद करायच्या खात्यांची यादी, दर निवृत्तीला एक नाव वाढणारी. शेवटचं नाव माझं, आणि खाली माझीच सही, नेहमीच्या फराट्यासकट. शेवटच्या दिवशी डोळे सारखे भरून येत होते. समोर येईल त्या कागदावर मी सही करत सुटले होते. वाचल्याशिवाय सही करू नका, हे मी मुलांना जन्मभर सांगितलं.

खुर्ची ओढून बसले. माझ्या वर आणखी तीन नावं होती. त्यातलं एक आमच्या शिपाईमामांचं. निवृत्त झाल्यावर ते एकदा ऑफिसात आले होते, फोन पुढे धरून. "बाई, नातीचे बारशापासूनचे फोटू होते यात. आता दिसत न्हायत."

मी वर न बघता म्हणाले होते, "नियम आहे, मामा."

"बरं बाई," म्हणाले, आणि बाहेर काढलेल्या चपला पायात घालून गेले.